भोंगा, भोंपू आणि हाँका : रायपूर परिसरातील इशाऱ्याचे यंत्र, त्याची तपासणी आणि त्याचा अर्थ

केंद्रीय गृह मंत्रालयाने ५ मे २०२५ रोजी राज्यांना एक पत्र पाठविले. देशातील २४४ वर्गीकृत नागरी संरक्षण जिल्ह्यांत ७ मे रोजी सराव घ्यावा, असे त्यात म्हटले होते. या सरावाला पुढे ‘ऑपरेशन अभ्यास’ असे नाव मिळाले. जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून मुंबई, उरण, तारापूर, ठाणे, पुणे, नाशिक, मनमाड, सिन्नर, भुसावळ अशी बरीच नावे होती. छत्तीसगढमधून दुर्ग, म्हणजे व्यवहारात भिलाई, एवढेच नाव होते. राजधानीचे शहर रायपूर तेथून जेमतेम तीस किलोमीटरवर असूनही यादीत नव्हते. ज्या गोष्टी करावयाच्या त्यांत अग्रभागी होते हवाई हल्ल्याची सूचना देणारे भोंगे ‘कार्यान्वित करणे’. सरकारी पत्रातील हा शब्द बारकाईने वाचण्याजोगा आहे. जे यंत्र चालू स्थितीत असल्याची खात्री असते ते ‘वाजवा’ असे सांगितले जाते. ‘कार्यान्वित करा’ असे सांगावे लागते तेव्हा ते चालू आहे की नाही याविषयीचे ज्ञान कुठेतरी हरवलेले असते. इशाऱ्याच्या भोंग्याचा इतिहास हा पुष्कळ अंशी या ज्ञानाचा इतिहास आहे. वर्षानुवर्षे गप्प राहणे हेच ज्याचे काम, ते यंत्र जिवंत आहे हे ओळखायचे कसे?

रायपूरच्या संदर्भात हा प्रश्न विचारताना प्रथम नागपूरकडे पाहावे लागते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती, आणि त्या प्रांताचा कारभार मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत चाले. नागरी संरक्षणाचे केंद्रीय शिक्षणही पुढे नागपुरातच स्थिरावले. १९५७ साली तेथे आपत्कालीन साहाय्याचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था सुरू झाली. नागरी संरक्षण कायदा झाला त्या १९६८ सालीच तिचे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय असे नामांतर झाले, आणि अलीकडे ती राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या प्रबोधिनीत विलीन झाली. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही १९५७ पासून नागपुरातच आहे. भोंग्याची सांकेतिक भाषा या संस्थांतून देशभर शिकविली गेली. चढउताराचा, हेलकावणारा सूर दोन मिनिटे वाजला तर हल्ल्याचा इशारा, आणि सरळ, एकसुरी आवाज दोन मिनिटे वाजला तर धोका टळला. दोन शब्दांची ही भाषा आहे. तिला व्याकरण एवढेच की, सूर हलतो की स्थिर राहतो.

मराठी माणसाच्या कानावर मात्र भोंगा आला तो युद्धाच्या आधी, आणि धोक्याचा म्हणून नव्हे. तो गिरणीचा होता. नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. राजनांदगावात कापडगिरणी आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, आणि पुढे ती बंगाल नागपूर कॉटन मिल्स या नावाने ओळखली गेली. १९२० साली ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली तेथील कामगारांनी महिनाभराहून अधिक काळ संप चालविला. मुंबईच्या गिरणगावाविषयी मराठीत विपुल लिहिले गेले. नारायण सुर्व्यांची कविता आणि जयंत पवारांचे ‘अधांतर’ ही त्या परंपरेची दोन टोके. राजनांदगावच्या गिरणीविषयी मराठीत जवळजवळ काहीच नाही, हे थोडे खटकते. त्याच गावात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध राहत होते. घरी मराठी बोलणाऱ्या या कवीचे लेखन हिंदीत झाले. एकाच यंत्राला घरात भोंगा आणि रस्त्यावर भोंपू म्हणणारी कुटुंबे रायपूर, दुर्ग, राजनांदगाव या पट्ट्यात भोसल्यांच्या अमलापासून वसत आली आहेत.

गिरणीच्या भोंग्याच्या बाबतीत देखरेखीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. तो दिवसातून अनेकदा वाजे आणि हजारो माणसांची पाळी त्यावर अवलंबून असे. एखाद्या सकाळी तो उशिरा वाजला किंवा त्याचा आवाज बसला, तर ते बॉयलरखान्यातील माणसाला कळण्यापूर्वी चाळीतील बायकांना कळे. ऐकणारा समाज हाच त्याचा तपासनीस होता. धोक्याचा भोंगा नेमका येथे वेगळा पडतो. तो वाजला नाही तर सगळे कुशल आहे असे समजावयाचे असते, आणि तो नादुरुस्त असला तरीही तो वाजत नाही. शांततेचे हे दोन अर्थ बाहेरून अगदी सारखे दिसतात.

या पेचावर जगभर एकच उपाय सुचला. अपवादात्मक यंत्राला रोजच्या व्यवहारात गुंतवायचे. महाराष्ट्रातील अनेक गावांत नगरपालिकेचा भोंगा ठरलेल्या वेळी वाजे आणि लोक त्यावर घड्याळे लावीत. सकाळी नऊच्या भोंग्याची आठवण इतकी पक्की आहे की, एका राजकीय नेत्याच्या रोजच्या सकाळच्या पत्रकार परिषदेला विरोधकांनी तेच नाव चिकटविले. जपानमध्ये गावोगावी आपत्तिसूचनेचे ध्वनिक्षेपक खांबांवर बसविलेले असतात, आणि पुष्कळ ठिकाणी संध्याकाळी त्यांवरून एखाद्या बालगीताची धून वाजते. मुलांना घरी परतण्याची ती खूण, आणि यंत्रणेची ती दैनिक चाचणीही. नेदरलँड्समध्ये महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बारा वाजता, फ्रान्समध्ये पहिल्या बुधवारी भोंगे वाजतात. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून उलटाच प्रयोग केला. तेथे रोज सायंकाळी सात वाजता भोंगा होतो आणि दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात. त्या गावाचा हेतू आपत्तिसूचनेचा नव्हता. पण नित्य चाचणीची सोय त्यात आपोआप झाली आहे, आणि ती एखाद्या सरकारी वेळापत्रकापेक्षा अधिक भरवशाची म्हणावी लागेल.

आता यंत्राकडे वळले पाहिजे, कारण त्याच्या रचनेतच त्याच्या आजारांची भाषा आहे. १८१९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल कान्यार द ला तूर याने छिद्रांच्या फिरत्या तबकडीने हवेचा झोत तोडून सूर निर्माण करणारे उपकरण केले. ते पाण्याखालीही वाजे, म्हणून त्याने त्याला ग्रीक पुराणातील, गाण्याने खलाशांना ओढून नेणाऱ्या सायरनांचे नाव दिले. ‘ओडिसी’तील सायरन माणसाला धोक्याकडे बोलावतात आणि आजचा सायरन धोक्यापासून दूर पिटाळतो, हा विपर्यास तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला मोहविणारा आहे. पण उपकरणाच्या जन्माशी धोक्याचा काहीच संबंध नव्हता. ते ध्वनीची कंपने मोजण्यासाठी होते. आणि मोजमापाचा तो गुण त्याच्यात अजून शिल्लक आहे.

विजेच्या मोटरवर चालणाऱ्या भोंग्यात एक पात्यांचे चाक खाचांच्या स्थिर कवचात फिरते. मोटर मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेत असेल तर सेकंदाला अठ्ठेचाळीस होतात. खाचा दहा असतील तर सूर ४८० कंपनांचा. म्हणजे भोंग्याचा सूर हाच त्याच्या वेगाचा अहवाल असतो. सूर नेहमीपेक्षा खाली लागला तर मोटर पूर्ण वेग घेत नाही असे समजावे. मग विजेचा दाब कमी आहे किंवा बेअरिंग जड झाले आहे. सूर चढण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागणे हे त्याच दुखण्याचे आधीचे लक्षण. वीज तोडल्यावर आवाज हळूहळू उतरत विरतो. तो उतार एकाएकी आखडला, तर बेअरिंग गंजले असण्याचा संभव मोठा. मोटर गुणगुणते पण चाक हलत नाही, तेव्हा तीन फेजपैकी एक गेलेली असते, आणि त्या स्थितीत बटण दाबून धरले तर वेटोळे जळते. दुरुस्तीनंतर दोन तारांची अदलाबदल झाली की चाक उलटे फिरते. पाती वळणदार असतील तर सूर बरोबर, पण आवाज क्षीण, असा चकविणारा दोष दिसतो. कर्ण्यात पाखरांची घरटी, स्टार्टरच्या पेटीत पावसाचे पाणी, कॉन्टॅक्टरचे करपलेले बिंदू, नियंत्रण कक्षापर्यंत जाणारी तार मध्येच तुटलेली किंवा चोरीस गेलेली, ही आणखी नेहमीची दुखणी. परंतु यांत्रिक दोषांपेक्षा अधिक घातक असा एक साधा दोष आहे. दुरुस्तीसाठी जागेवरचा खटका बंद केला जातो आणि काम झाल्यावर तो तसाच राहतो. यंत्र निरोगी, तार अखंड, नियंत्रण कक्षातील बटणही ठीक, आणि भोंगा मुका.

पूर्ण आवाज न करता तपासण्याची जुनी युक्ती अशी की, मोटरला क्षणभरच वीज द्यावयाची. चाक फिरू लागते, एक घुरघुर उमटते आणि लोकांच्या लक्षात येण्याआधी विरते. कान तयार असलेल्या तंत्रज्ञाला ती पुरते. इलेक्ट्रॉनिक भोंगे आले तेव्हा हे ऐकणे यंत्राकडे गेले. त्यांत फिरते चाक नसते. वर्धक, कर्ण्यांतील चालक आणि बॅटऱ्या असतात. मूक चाचणीत माणसाला ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीतील सूर चालकांत सोडून वाहणारा प्रवाह मोजतात. प्रवाह अपेक्षेपेक्षा कमी आला तर एखादा चालक तुटलेला, जास्त आला तर कुठेतरी तारा जुळलेल्या. बॅटरीचे मोजमाप असेच फसवे आहे. विश्रांतीत तिचा दाब नियमाप्रमाणे दिसतो आणि भार पडताच कोसळतो, म्हणून भाराखाली तपासल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. रायपूरसारख्या, मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणाऱ्या शहरात तर नाहीच. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य तापमानाच्या दर दहा अंश वाढीगणिक साधारण निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. थंड देशातील पुस्तिकेत दिलेली बदलण्याची मुदत येथे जशीच्या तशी पाळली, तर बॅटरी तिच्या आधीच मेलेली असेल.

दूरवरचे भोंगे एका जागेवरून चालविण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत आज्ञा जाते, उत्तर येत नाही. बटण दाबणाऱ्याने वाजले असेल असे मानावयाचे. दुसरीत प्रत्येक भोंगा ठरावीक काळाने आपली स्थिती कळवितो. मुख्य वीज आहे की नाही, बॅटरी किती भरलेली आहे, पेटीचे दार उघडे आहे का, मागील चाचणीत कोणता कर्णा बोलला नाही. येथे एक सूक्ष्म भेद राखावा लागतो. फलकावर दिसणारा हिरवा दिवा ‘ठीक आहे’ असे सांगत नसतो. ‘शेवटी बोलणे झाले तेव्हा ठीक होता’ एवढेच तो सांगतो. म्हणून चांगल्या व्यवस्थेत उत्तर न येणे हाच एक दोष म्हणून नोंदविला जातो. गिरणीचा भोंगा वाजला नाही की चाळीत जी कुजबुज होई, तिची ही तांत्रिक आवृत्ती होय.

तथापि ज्या आपत्तींनी भोंग्याचा इतिहास घडविला त्यांत यंत्र बिघडलेले नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या मध्यरात्री भोपाळला, म्हणजे तेव्हाच्या रायपूरच्याही राजधानीत, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट सुटला. कारखान्यात दोन भोंगे होते. एक आतल्या कामगारांसाठी, दुसरा बाहेरच्या वस्तीसाठी. ते एकत्रच वाजत. १९८२ मध्ये त्यांची जोडणी तोडण्यात आली. लहानसहान गळतीने वस्तीत घबराट होऊ नये, हा त्यामागचा विचार. त्या रात्री एकच्या सुमारास बाहेरचा भोंगा थोडा वेळ वाजला आणि या रिवाजाप्रमाणे बंद केला गेला. आतला चालू राहिला. वस्तीकडे तोंड असलेला भोंगा पुन्हा सलग वाजू लागला तो दोन वाजून गेल्यावर. तोपर्यंत वायू वस्तीत पसरला होता. भोंग्याच्या कोणत्याही तपासणीपत्रकावर त्या रात्री ‘चालू स्थितीत’ अशीच नोंद झाली असती. दोष होता तो जोडणीत, आणि जोडणी हा तांत्रिक निर्णय असला तरी त्यात कोणी काय ऐकावे याचा सामाजिक निर्णय दडलेला होता. शिवाय जे जागे झाले त्यांना भोंग्याने काय सांगितले? वारा कोणीकडे आहे, कोणत्या दिशेने जावे, तोंडावर ओले फडके धरावे, यांतले काहीही त्या दोन शब्दांच्या भाषेत बसत नव्हते. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ ची कारखाना कायद्यातील दुरुस्ती आणि रासायनिक अपघातांविषयीचे १९९६ चे नियम यांतून कारखान्याच्या कुंपणाबाहेरील लोकांना माहिती देण्याचे बंधन आले, त्याची मुळे या रात्रीत आहेत. उरला आणि सिलतरा या रायपूरच्या औद्योगिक वसाहतींच्या शेजारी राहणाऱ्यांचा संबंध या नियमांशी येतो, हवाई हल्ल्याच्या यादीशी नव्हे.

अर्थाचा बिघाड इतरत्रही दिसतो. हवाई बेटांत दर महिन्याच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी भोंग्यांची चाचणी होते. तरीही ८ ऑगस्ट २०२३ रोजी माउई बेटावरील लाहायना गाव वणव्यात जळाले तेव्हा ते वाजविले गेले नाहीत. आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रमुखाचे समर्थन असे होते की, तेथील लोकांच्या मनात भोंगा म्हणजे त्सुनामी. तो ऐकून ते डोंगराकडे, म्हणजे आगीच्या दिशेने पळाले असते. पुढे त्याने पद सोडले. त्याचा निर्णय वादग्रस्त ठरला आणि ते योग्यच होते. पण त्याने मांडलेला प्रश्न पोकळ नव्हता. एकाच चिन्हावर वर्षानुवर्षे एकच अर्थ चढविला की ते चिन्ह दुसऱ्या संकटात उपयोगी पडत नाही. उलट अमेरिकेतील डॅलस शहरात ७ एप्रिल २०१७ च्या रात्री शहरातील १५६ भोंगे कोणतेही संकट नसताना दीड तासाहून अधिक वेळ पुन्हा पुन्हा वाजत राहिले. कोणीतरी रेडिओवरून खोटी आज्ञा पाठविली होती. तेथे यंत्रही ठीक होते आणि अर्थही ठरलेला होता. आज्ञा देणारा कोण, याची ओळख पटविण्याची सोय तेवढी नव्हती.

भारतात हा अर्थ दुसऱ्या रीतीने झिजतो. रुग्णवाहिका, मंत्र्यांच्या मोटारी, बँकांच्या तिजोऱ्या, कारखान्यांच्या पाळ्या यांचे आवाज एकमेकांत मिसळतात. रायपूरच्या हिंदीत या सर्वांना ‘हूटर’ हा एक शब्द पुरतो. मराठीत ‘भोंगा’ शब्दाचे २०२२ च्या राजकीय वादात प्रार्थनास्थळांवरील ध्वनिक्षेपकाशी इतके सख्य झाले की, तरुण वाचकाला त्यातून गिरणी आठवेलच असे नाही. मे २०२५ मध्ये वृत्तवाहिन्यांनी बातम्यांच्या पार्श्वभूमीला हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज सर्रास वापरला. तेव्हा १० मे रोजी केंद्राला सूचना काढावी लागली की, जनजागृतीखेरीज हा आवाज कार्यक्रमांत वापरू नये. आधार नागरी संरक्षण कायद्याचाच होता. ध्वनीच्या अर्थाचे रक्षण करण्यासाठी शासनाने पत्र काढावे, ही चिन्हमीमांसेच्या विद्यार्थ्याने जपून ठेवण्यासारखी नोंद आहे.

या प्रदेशाला हवाई हल्ल्यापेक्षा जवळचा धोका पाण्याचा आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्याला वेळेवर, स्पष्ट शब्दांत इशारा मिळाला नाही, ही मराठी समाजाची जुनी जखम. ७ एप्रिल २००५ रोजी मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातील धाराजी येथे अमावास्येच्या यात्रेसाठी नर्मदेच्या पात्रात उतरलेले साठाहून अधिक यात्रेकरू वरच्या इंदिरा सागर धरणातून आलेल्या पाण्यात वाहून गेले. धरणावरच्यांना यात्रेची आणि यात्रेवरच्यांना पाण्याची वार्ता नव्हती. भोंगा असता तरी तो धरणाच्या भिंतीपाशी वाजला असता, आणि यात्रा कित्येक कोस खाली होती. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने आपत्कालीन कृती योजना व पूर्वसूचनेची व्यवस्था आवश्यक केली आहे. तिचे यश भोंग्याच्या अश्वशक्तीवर कमी आणि तो कोठे बसविला आहे, त्याखाली कोण राहते, यांवर अधिक अवलंबून राहील.

धमतरी जिल्ह्यात महानदीवर गंगरेल येथे रविशंकर सागर धरण आहे. रायपूर व भिलाईची तहान बऱ्याच अंशी त्यावर भागते. त्याला चौदा दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडण्याची वेळ येते तेव्हा नदीकाठच्या गावांत भोंग्याच्या जोडीने मुनादीही होते. छत्तीसगढच्या गावात हे काम कोटवाराचे. तो गल्लीतून ‘हाँका’ घालतो. महाराष्ट्रात ज्याला दवंडी म्हणत तेच हे. महाराष्ट्रात दवंडी आता बहुतेक वाक्प्रचारापुरती उरली. येथे कोटवाराचे पद अजून शासनाच्या दप्तरात आहे. कोटवाराचे ‘स्थितिदर्शन’ कोणत्याही नियंत्रण कक्षापेक्षा पूर्ण असते. तो कोणत्या दारात उत्तर मिळाले आणि कोणत्या दाराला कुलूप होते हे सांगू शकतो, बहिऱ्या म्हातारीला हाताला धरून उठवू शकतो, आणि ‘किती पाणी येणार?’ या प्रश्नाला काहीतरी उत्तर देऊ शकतो. त्याच्या मर्यादाही उघड आहेत. तो एक आहे, पायी आहे, आणि पाणी त्याच्यापेक्षा वेगाने येते. भोंगा क्षणात पाच गावांना जागे करतो, पण कोण जागे झाले हे त्याला कधीच कळत नाही. दुतर्फा संपर्काचे अत्यंत प्रगत यंत्रही कर्ण्यातून आवाज निघाला एवढेच परत कळविते. त्यापुढचा रकाना गंगरेलखालच्या गावांत अजून कोटवारच भरतो, आणि दरवाजे उघडण्याच्या रात्री तहसील कार्यालयातून पहिला निरोप त्यालाच जातो की भोंग्याच्या खोलीला, हे त्या त्या वेळच्या अधिकाऱ्यावर अवलंबून असते.